'गौक' म्हणजे काय? एका स्कॉट शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौक म्हणजे नेमकं काय?

दोन अर्थ आहेत. पहिला एका पक्ष्याचा, ज्याला इंग्रजीत कुक्कू म्हणतात. दुसरा माणसाचा: बावळट, खुळा, सहज फसणारा. स्कॉटलंडमध्ये आजीने नातवाला "यू डाफ्ट गौक" म्हटलं तर तिला पक्षी अभिप्रेत नसतो.

मराठी अनुवादांत कुक्कू आला की सर्रास 'कोकिळा' लिहिलं जातं. सोयीसाठी ते चालून जातं, पण पक्षी वेगळा आहे. आपला कोकीळ काळा कुळकुळीत, फळं खाणारा, कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवणारा. गौक राखाडी असतो, पोटावर आडवे पट्टे, उडताना थेट शिकऱ्यासारखा भासतो आणि इतर पक्षी ज्यांना चोच लावत नाहीत त्या केसाळ सुरवंटांवर जगतो. रूपाने तो आपल्या पावशाच्या जवळचा. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याची सवय मात्र तिघांचीही.

उच्चार कसा करायचा?

'गौरी'मधला गौ घ्या आणि पुढे क लावा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा स्वर समजावताना तारांबळ उडते, मराठी तोंडाला काहीच कष्ट नाहीत.

हा इंग्रजीच शब्द नाही का? फार तर ग्रामीण इंग्रजी?

'फार तर ग्रामीण इंग्रजी' हे ऐकून स्कॉटलंडमधल्या बऱ्याच लोकांचं डोकं तापतं, आणि माझ्या मते त्यांचं चुकत नाही. स्कॉटलंडमध्ये तीन भाषांचा वावर आहे. गेलिक ही केल्टिक कुळातली, उच्चभूमीची आणि पश्चिमेकडच्या बेटांची. इंग्रजी सगळीकडेच. आणि तिसरी स्कॉट्स, जी इंग्रजीची बहीण आहे, मुलगी नव्हे. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियाच्या अँग्ल लोकांची बोली आजच्या एडिंबराच्या परिसरात पोहोचली. तिथे ती आपल्या वाटेने वाढली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत तर ती राजदरबाराची, कायद्याची आणि कवितेची भाषा होती. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा लंडनच्या गादीवर जाऊन बसला, आणि तिची प्रतिष्ठा हळूहळू ओसरत गेली.

२०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा दिला. ती भाषा की बोली, हा वाद त्यानंतरही चालूच आहे. आपल्याकडे मालवणी-कोकणीवरून होणारे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना त्यातले मुद्दे ओळखीचे वाटतील.

राहता राहिला गौक. तो उत्तर इंग्लंडच्या बोलींतही आढळतो. भाषेची सीमा राजकीय सीमेवर येऊन थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द आला कुठून?

जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून. तिथे कुक्कूला 'गाउक्र' म्हणत. आइसलँडमध्ये आजही 'गौकुर' आणि नॉर्वेत 'गाउक' म्हणतात.

पण हे कशावरून? जुन्या इंग्रजीतही याच मुळाचा शब्द होता, मग गौक तिथूनच आला नसेल कशावरून? या प्रश्नाचं उत्तर शब्दाच्या आवाजातच आहे, आणि मला तरी या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

जुन्या इंग्रजीतला शब्द होता 'येआक'. लिहिताना आरंभी ग, पण तो उच्चारायचे य. पुढे त्याचं मध्ययुगीन इंग्रजीत 'येक' झालं आणि मग तो मेला. तो जगला असता तर आज त्याचा उच्चार साधारण 'यीक' झाला असता. गौकमध्ये मात्र ग ठणठणीत आहे. असा न मऊ झालेला ग ही नॉर्स मुळाची एक खूण. इंग्रजीतल्या 'गिव्ह'चा ग आणि 'एग'चा ग असेच नॉर्स प्रभावातून आलेले आहेत. शुद्ध इंग्रजी वळणाने अंड्याला 'एय' म्हणायला हवं होतं, आणि पंधराव्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडमध्ये तसं म्हणतही होते.

दुसरी खूण स्वराची. जिथे जुन्या इंग्रजीत 'एआ' असे, तिथे नॉर्समध्ये 'आउ' असे. ही जोडी एकटीदुकटी नाही. उडी मारणे याला जुन्या इंग्रजीत 'ह्लेआपान', त्यावरून आजचं 'लीप'. नॉर्समध्ये 'ह्लाउपा', त्यावरून स्कॉट्समध्ये 'लौप'. गुराढोरांना जुन्या इंग्रजीत 'नेआट', नॉर्समध्ये 'नाउट', आणि स्कॉट शेतकरी म्हणतो 'नौट'. एका बाजूला लीप, दुसऱ्या बाजूला लौप आणि नौट. आता गौक कुठल्या रांगेत बसतो ते सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

याच रांगेतला आणखी एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही: 'गौपन'. नॉर्स 'गाउप्न'वरून आलेला. दोन्ही हात जोडून केलेला खोलगट आकार, आणि त्यात मावेल तेवढं धान्य. म्हणजे आपली ओंजळ, अगदी दोन्ही अर्थांसह. प्रमाण इंग्रजीत यासाठी एकच सुटसुटीत शब्द सापडत नाही.

मग व्हायकिंग स्कॉटलंडवर चालून आले तेव्हा तो शब्द तिथेच टाकून गेले का?

नकाशा पाहून तसंच वाटतं. व्हायकिंग लोकांनी ऑर्कनी, शेटलंड, केथनेस आणि पश्चिमेकडची बेटं व्यापली होती. पण सखल प्रदेशातल्या स्कॉट्समधले बहुतेक नॉर्स शब्द त्या मार्गाने आलेले नाहीत, दक्षिणेकडून आलेत. नवव्या शतकात डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये बस्तान बसवलं आणि तिथल्या इंग्रजीत नॉर्स पुरती मिसळली. बाराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने बाजारपेठांची शहरं वसवायला घेतली. त्यांत उत्तर इंग्लंडचे व्यापारी आणि कारागीर येऊन राहिले, आणि त्यांच्या तोंडून ही मिश्र बोली आली. तलवारीपेक्षा तराजूने जास्त शब्द वाहून आणले असं म्हणायला हरकत नाही.

कोकिल, कुक्कू, गौक: हे सगळे पक्ष्याच्या आवाजावरूनच पडलेले शब्द ना?

मुळात, हो. संस्कृत कोकिल, लॅटिन कुकुलुस, ग्रीक कोक्कुक्स, सगळे कुहूकुहूचे नातलग. पण फरक असा, की कुक्कू आणि कोकिल आजही पक्ष्यासारखे ऐकू येतात, गौक येत नाही. शब्द जुना झाला की त्याच्यावर भाषेचे ध्वनिनियम चालतात, आणि मूळ हाकेचा अंश झिजत जातो. इंग्रजीने आपला झिजलेला 'येक' टाकून दिला आणि फ्रेंचमधून ताजा 'कुकू' घेतला. तेराव्या शतकातल्या एका इंग्रजी गीतात तो आलेला आहे. स्कॉट्सने झिजलेलाच ठेवला.

ग्रीक शब्दाची एक गंमत जाता जाता. पाठीच्या कण्याच्या टोकाच्या हाडाला डॉक्टर 'कॉक्सिक्स' म्हणतात, ते याच कोक्कुक्सवरून. ग्रीक वैद्यांना त्या हाडाचा आकार कुक्कूच्या चोचीसारखा वाटला. आपण त्याच हाडाला माकडहाड म्हणतो.

पक्ष्याचं नाव मूर्खाला कसं चिकटलं?

याची जी उत्तरं ऐकायला मिळतात ती बहुतेक रचलेली वाटतात. सर्वांत लोकप्रिय उत्तर: पक्षी मूर्ख आहे म्हणून. आता ज्या पक्ष्याची मादी दुसऱ्याच्या घरट्यावर नजर ठेवून, मालकीण उठली की काही सेकंदांत तिथलं एक अंडं उचलून आपलं अंडं घालून पसार होते, त्याला मूर्ख म्हणणार कोण? मूर्ख ठरतो तो बिचारा यजमान. स्कॉटलंडच्या माळरानांवर हा यजमान बहुधा मेडो पिपिट नावाचा चिमणीएवढा पक्षी असतो. आपल्याहून कितीतरी पट मोठ्या झालेल्या परक्या पिलाला भरवताना तो पिलाच्या डोक्यावर चढून उभा राहतो, तरी त्याला संशय येत नाही.

जास्त पटणारं उत्तर आवाजाकडे बोट दाखवतं. नर गौक तेच दोन स्वर तासन्‌तास म्हणत राहतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणाऱ्याला खुळा समजणं हे जगात सगळीकडे चालतं. शिवाय आवाज साऱ्या रानभर आणि पक्षी कुठेच दिसत नाही, त्यामुळे त्याच्या मागे जाणाऱ्याची हमखास फजिती. खाली हंटिगौकबद्दल लिहिलंय, तिथे हाच धागा पुन्हा लागेल.

एक गोष्ट नक्की, की ही फक्त स्कॉट लोकांची कल्पना नाही. जर्मनमध्ये 'गाउख' हा याच शब्दाचा सख्खा भाऊ, आणि त्याचेही अर्थ तेच दोन: कुक्कू आणि मूर्ख. थोमास मुर्नर या उपहासकाराने १५१९ मध्ये प्रेमात वेडे झालेल्या पुरुषांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गाउखांचं कुरण'. इंग्रजीनेही नवा कुक्कू घेतला खरा, पण थोड्याच काळात त्यालाही खुळेपणाचा अर्थ जोडला.

इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या बॉरोडेल खोऱ्याची गोष्ट याच पठडीतली. कुक्कू आला की वसंत येतो, तेव्हा कुक्कूला जाऊच दिलं नाही तर वसंत कायमचा राहील, असा विचार करून गावकऱ्यांनी खोऱ्याच्या तोंडाशी भिंत बांधायला घेतली. पक्षी भिंतीवरून उडून गेला. तेव्हा एकजण म्हणाला, अजून एक थर चढवला असता तर अडकला असता!

जुन्या हस्तलिखितांत 'गोल्क' असं का लिहिलेलं दिसतं? तो वेगळा शब्द आहे का?

नाही, तोच. स्कॉट्समध्ये काही स्वरांपुढचा ल गळून गेला: 'गोल्ड'चं 'गौड' झालं, 'कोल्ट'चं 'कौट'. पण लिहिताना जुना ल कायम राहिला. त्यामुळे लेखनिकांची समजूत झाली, की 'औ' ऐकू आला की 'ओल' लिहायचं. मग जिथे ल कधी नव्हताच, तिथेही तो घुसला.

या गोल्कची सर्वांत मजेदार हजेरी विल्यम डनबारच्या कवितेत आहे. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या दरबारात जॉन डेमियन नावाचा एक इटालियन किमयागार होता. राजाची मर्जी एवढी, की त्याला टंगलंडच्या मठाचं अधिपतिपदही मिळालं. १५०७ मध्ये त्याने जाहीर केलं, की मी पंख लावून फ्रान्सपर्यंत उडत जाणार. स्टर्लिंगच्या किल्ल्याच्या तटावरून त्याने उडी घेतली, थेट खाली आपटला आणि मांडीचं हाड मोडून बसला. बिशप जॉन लेस्लीने पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार त्याचा खुलासा असा होता: पंखांत कोंबडीची पिसं मिसळली गेली, आणि कोंबडीची ओढ आकाशाकडे नव्हे, उकिरड्याकडे!

डनबारने त्याची रेवडी उडवताना आकाशातले सगळे पक्षी या परक्या पाखरावर तुटून पडल्याचं वर्णन केलंय, आणि त्याला रक्त निघेपर्यंत बडवणाऱ्यांत गोल्क आहे. तिथे तो पक्षी म्हणूनच येतो. पण उडायला निघालेल्या त्या मठाधिपतीकडे पाहून ऐकणाऱ्यांच्या मनात दुसरा अर्थ आला नसेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

कवी रॉबर्ट बर्न्सने हा शब्द वापरलाय का?

वापरलाय, आणि अस्सल शिवी म्हणून. एअर गावात नदीवरच्या जुन्या पुलाशेजारी नवा पूल बांधला जात होता, तेव्हा १७८६ मध्ये त्याने दोन पुलांचं भांडण लिहिलं. नवा पूल जुन्याच्या अरुंदपणाची टिंगल करतो. त्यावर म्हातारा पूल त्याला 'गर्वाने फुगलेला गौक' म्हणतो आणि बजावतो, की तू दगडांचा ढीग होशील तेव्हाही मी पूलच असेन. १८७७ च्या पुरात नव्या पुलाची खरोखरच वाट लागली आणि तो पुन्हा बांधावा लागला. जुना आजही उभा आहे, लोक त्यावरून चालत जातात.

'हंटिगौक' हा काय प्रकार आहे?

'हंट द गौक', म्हणजे गौकची शिकार. १ एप्रिलला स्कॉटलंडमध्ये हे नाव होतं, आणि काही ठिकाणी अजून आहे. आपल्याकडे एप्रिल फूल म्हणजे खोटं सांगून फसवणं. तिथला अस्सल प्रकार जरा अधिक निर्दय, आणि पायांना त्रास देणारा.

एका भोळ्या माणसाच्या हाती बंद पत्र द्यायचं आणि सांगायचं, हे अमक्याला तातडीने पोचवून ये. कधी काही वस्तू मागितली आहे असं सांगायचं, कधी मदत हवी आहे असं. पत्रात फक्त दोन ओळी असत:

डिना लाफ, डिना स्माइल,
हंट द गौक अनदर माइल.

हसू नका, ओठही हलवू नका. गौकला आणखी एक मैल पळवा. पत्र उघडणारा चेहरा गंभीर ठेवून म्हणायचा, "अरेरे, माझ्याकडे नाही रे, पण पलीकडच्या वाडीवरच्या अमक्याकडे नक्की मिळेल," आणि नवं पत्र देऊन त्याला पुढे पिटाळायचा. तिसऱ्या-चौथ्या घरी कधीतरी कोणालातरी हसू आवरत नसे, किंवा कोणाला दया येत असे. पत्र वाहणारा स्वतःच गौक असतो आणि स्वतःच्याच शिकारीला हातभार लावत असतो, यातच सगळी खुमारी.

पुढे 'हंटिगौक' हा शब्द त्या दिवसाला, त्या फुकटच्या फेरीला आणि फसलेल्या माणसालाही लावू लागले. निष्फळ खेपेला 'गौकची फेरी' म्हणण्याचीही रीत आहे.

दुपारी बारानंतर खोडी काढली तर काढणाराच मूर्ख, हा नियम ब्रिटनभर आहे. पण स्कॉटलंडच्या काही भागांत बारानंतरही सुटका नसे, कारण २ एप्रिलला 'टेली डे'. त्या दिवशी दुसऱ्याच्या पाठीमागे नकळत कागदाची शेपूट टाचणीने लावायची आणि तो गावभर मिरवताना बघायचं.

पण १ एप्रिलला तिथे गौक आलेला असतो का?

सहसा नाही. स्कॉटलंडमध्ये तो एप्रिलच्या उत्तरार्धात पोहोचतो. मग १ एप्रिलला त्याची शिकार करायला जाणं हेच मुळात खुळेपणाचं, आणि तीच गंमत असावी असं काहीजण म्हणतात.

दुसरा मुद्दा पंचांगाचा. ब्रिटनने १७५२ मध्ये ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली आणि ११ दिवस गाळले. त्याआधीचा १ एप्रिल आजच्या १२ एप्रिलला पडायचा. म्हणजे तेव्हा शिकार आणि शिकार होणारा पक्षी यांतलं अंतर पुष्कळच कमी होतं.

आणि ते जे सांगतात ना, की पूर्वी नववर्ष एप्रिलमध्ये होतं, ते जानेवारीत नेल्यावर ज्यांना कळलं नाही ते एप्रिल फूल ठरले, ते स्कॉटलंडला नीट लागू पडत नाही. स्कॉटलंडने १ जानेवारी हे नववर्ष १६०० मध्येच स्वीकारलं होतं, इंग्लंडच्या दीडशे वर्षं आधी. आणि त्यापूर्वी तिथलं वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला, १ एप्रिलला नव्हे.

'गौक-वादळ' म्हणजे काय? पक्ष्यांचं वादळाशी काय नातं?

वसंत आला असं वाटत असताना, गौक येण्याच्या सुमाराला, अचानक परतलेली थंडी आणि बर्फ. एक-दोन दिवस झोडपून जातं. त्यामुळे लवकर निवळणाऱ्या कुठल्याही संकटालाही हे नाव देतात.

स्कॉट मेंढपाळांचं वसंताचं वेळापत्रक अशा वादळांच्या नावांनीच बांधलेलं होतं. मार्चमध्ये 'ट्यूखिट-वादळ', ट्यूखिट म्हणजे ईशान्य स्कॉटलंडची टिटवी. मग कोकरं जन्मतात तेव्हाचं 'कोकरांचं वादळ'. मग गौकचं. आणि मार्चच्या अखेरचे तीन दिवस म्हणजे 'उसने दिवस': मार्चने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, डोंगरावरच्या तीन मेंढ्यांना मारून टाकण्यासाठी. पहिल्या दिवशी वारा-पाऊस, दुसऱ्या दिवशी हिमवर्षाव, तिसऱ्या दिवशी पक्षी झाडांना चिकटून बसतील अशी थंडी. तीन दिवस सरले आणि तिन्ही मेंढ्या लंगडत लंगडत घरी आल्या. या उसन्या दिवसांचा उल्लेख १५५० च्या आसपासच्या स्कॉट गद्यातही सापडतो.

पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो तेव्हा आपला शेतकरी आभाळाकडे बघतो. मेंढपाळ गौकची हाक ऐकून मेंढ्या आडोशाला घ्यायचा.

आणखी कुठे कुठे हा शब्द भेटतो?

झाडाझुडपांत बराच. सावलीत वाढणारी, तीन पानांची, आंबट चवीची वुड सॉरेल ही आपल्या आंबुशीची जवळची नातलग. तिला 'गौकचं जेवण' म्हणतात, कारण तिला फुलं येतात ती गौकच्या मोसमात. हेअरबेलचं निळं घंटेसारखं फूल म्हणजे 'गौकचं अंगुस्तान'. गवताच्या काड्यांवर एका छोट्या किड्याच्या पिलांनी केलेला फेस दिसतो, तो 'गौकची थुंकी'.

मेडो पिपिटला 'टिटलिन' म्हणतात. गौकच्या आसपास तो सतत घुटमळताना दिसतो, म्हणून कायम बरोबर हिंडणाऱ्या विजोड जोडीला 'गौक आणि टिटलिन' म्हणायची पद्धत पडली.

गावांच्या नावांत?

फाइफमध्ये गौकहॉल आहे. लॅनार्कशरमध्ये विशॉजवळ गौकथ्रॅपल आहे, शब्दशः 'गौकचा गळा'. वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या आपल्या पहिल्या कादंबरीत हेच नाव एका धर्मोपदेशकाला देऊन टाकलं. एडिंबराच्या दक्षिणेला पेनिक्विक नावाचं गाव आहे. त्यात गौक हा शब्द नाही, पण पक्षी तोच आहे: व्हायकिंग आणि अँग्ल यांच्याही आधी तिथे वेल्शसारखी भाषा बोलत, आणि तिच्यात या नावाचा अर्थ 'कुक्कूची टेकडी'.

इंग्रजीतले 'गॉक' आणि 'गीक' हे गौकवरूनच आले का?

गीक नाही. तो डच 'गेक', म्हणजे वेडा, याच्या कुटुंबातला. गॉक म्हणजे तोंड वासून बघणे. अर्थ एवढा जुळतो, की नातं जोडण्याचा मोह होतो, पण कोशकारांचं यावर एकमत नाही. दिसायला जुळे म्हणून भाऊ, हा न्याय शब्दांना लावू नये.

त्या पक्ष्याविषयी काही लोकसमजुती?

हंगामातला पहिला गौक उपाशीपोटी ऐकणं अशुभ. गेलिक भागातही ही समजूत पक्की होती, आणि अलेक्झांडर कार्मायकलने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तशा ओळी आहेत. म्हणून एप्रिलअखेर बाहेर पडण्यापूर्वी लोक तोंडात काहीतरी टाकत. त्या वेळी खिशात नाणी असली तर ती उलटी करायची, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो. हिवाळ्यात गौकचा ससाणा होतो ही तर ग्रीकांच्या काळापासूनची कल्पना. ॲरिस्टॉटलनेच ती खोडली होती, पण ती पुढे दोन हजार वर्षं टिकली.

मग हिवाळ्यात तो जातो कुठे?

मध्य आफ्रिकेत, काँगोच्या खोऱ्यातल्या जंगलांत. २०११ पासून ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवून त्यांचा माग काढते. त्यातून कळलं, की प्रौढ पक्षी स्कॉटलंडमध्ये जेमतेम दोन-अडीच महिने थांबतात. जून-जुलैत ते निघालेही असतात, आपलं पोर परक्याच्या घरट्यात सोडून. ते पोर पुढे एकटंच, कोणी वाट न दाखवता, आफ्रिका गाठतं.

जाण्याचे मार्ग दोन आहेत. एक स्पेनवरून, दुसरा इटलीवरून. स्पेनच्या वाटेवर जास्त पक्षी मरतात असं २०१६ मधल्या अभ्यासात दिसलं. इंग्लंडचे बरेच कुक्कू स्पेनवरून जातात, तर स्कॉटलंडचे इटलीवरून. ब्रिटनमध्ये २००९ पासून हा पक्षी लाल यादीत, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या यादीत, आहे आणि इंग्लंडमध्ये त्याची संख्या फार घटली आहे, पण स्कॉटलंडमध्ये ती वाढते आहे, त्यामागचं एक कारण हा मार्ग असावा. दुसरं कारण सुरवंट: उत्तरेकडच्या माळांवर ते अजून मुबलक आहेत.

आज गौक कोणी म्हणतं का?

पक्ष्यासाठी कमी होत चाललाय. शाळा, टीव्ही आणि पक्षिनिरीक्षकांची पुस्तकं कुक्कू म्हणतात. माणसासाठी मात्र खणखणीत चालू आहे. एका शब्दाचा सौम्य, घरगुती अर्थ टिकून मूळ अर्थ मागे पडण्याचं हे चांगलं उदाहरण. ज्यांनी आयुष्यात कधी कुक्कू ऐकला नाही अशी ग्लासगोची मुलंही एकमेकांना गौक म्हणतात.

मी एखाद्या स्कॉट मित्राला म्हटलं तर चालेल का?

मैत्री असेल तर चालेल. हा शब्द येडपट किंवा बावळट इतकाच कडू आहे, त्यात तिरस्कार नाही. 'डाफ्ट गौक' म्हटलं तर माया जास्त, 'मकल गौक' म्हणजे 'महामूर्ख' म्हटलं तर वैताग जास्त. साहेबाला किंवा पहिल्या भेटीत सासऱ्याला म्हणू नका. आणि १ एप्रिलला तुमच्या हाती कोणी बंद पाकीट दिलं, तर आधी उघडून बघा.

अधिक शोधायचं असेल तर?

जॉन जेमिसन या पाद्र्याने १८०८ मध्ये स्कॉट्सचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश काढला. विसाव्या शतकात दोन महाकोश झाले: बाराव्या ते सतराव्या शतकापर्यंतच्या भाषेचा एक, १२ खंडांचा, आणि १७०० नंतरच्या भाषेचा दुसरा, १० खंडांचा. दोन्हींचं प्रकाशन १९३१ मध्ये सुरू झालं. धाकट्या काळाचा कोश १९७६ मध्ये पुरा झाला, थोरल्याला २००२ उजाडलं. २००४ पासून दोन्ही महाजालावर एकत्र आणि फुकट उपलब्ध आहेत. नव्या कोशात गौक शोधताना जुन्या कोशात गोल्कही शोधायला विसरू नका.